द व्हॅनिशिंग हाफ वाचलंय का कोणी? स्टेलाला स्वार्थी म्हणाल का?

गंगापूररोडची_वाचक:
आमच्या नाशिकच्या वाचनकट्ट्यावर ब्रिट बेनेटची ही कादंबरी (२०२०) घेतलीय आणि चर्चा पार तापलीय. लुइझियानातलं मॅलर्ड हे काल्पनिक गाव, सगळे कृष्णवर्णीय पण उजळ, आणि त्याचाच त्यांना अभिमान. तिथल्या जुळ्या बहिणी डेझिरे आणि स्टेला १९५४ मध्ये पळून जातात, पुढे स्टेला गोरी म्हणूनच जगते, नवऱ्याला पण सांगत नाही. बऱ्याच जणी तिला स्वार्थी म्हणतायत, मला ते पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

सिडकोकर:
ताई मलाही नाही पटत. लहानपणी वडिलांना गोऱ्यांनी घरातून ओढून नेलेलं पोरींनी बघितलंय, तिथे उजळ रंग काही कामाला आला नाही. आणि लुइझियानाचाच तो होमर प्लेसी घ्या, आठातला एक हिस्सा कृष्णवर्णीय, दिसायला गोराच, तरी गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून अटक, आणि १८९६ ला सुप्रीम कोर्टानेही वेगळे डबे चालतील म्हणून सांगितलं. अशा ठिकाणी एका पोरीला गोरी समजून नोकरी मिळते, तिने खरं सांगून ती घालवायची का?

पंचवटीची_पोर:
नोकरीपर्यंत ठीक आहे हो दादा, पण लॉस एंजेलिसला शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब येणार म्हटल्यावर मीटिंगमध्ये हीच उठून विरोध करते, ते मी नाही माफ करू शकत. आणि खरं सांगू का, मला तर पुस्तक ज्यूडचंच वाटलं, डेझिरेची काळी मुलगी. तिला छळतात ते गावातलेच, ज्यांनी स्वतः गोऱ्यांचा जाच सोसलाय. मी सावळी आहे, स्थळाला फोटो पाठवायचा म्हटलं की आमच्याकडे आधी फिल्टर लावतात, तेही घरचेच, अगदी प्रेमाने. ते शाळेतले प्रसंग वाचताना फार रडले.

जेलरोडवाला:
ज्यूडचा जोडीदार रीस, त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. मुलगी म्हणून जन्मला, जुनं नाव जुनं घर सगळं सोडून मुलगा म्हणून जगतोय, म्हणजे स्टेलासारखंच मागचं पुसलंय की. पण ज्यूडला त्याचं सगळं माहीत असतं. स्टेलाच्या पोटच्या पोरीला, केनेडीला, आई कोण हेच कित्येक वर्षं माहीत नसतं. नोकरीसाठी केलं ते समजू शकतो, लेकीशी इतकी वर्षं खोटं बोलली ते मला जास्त लागलं.

गंगापूररोडची_वाचक:
केनेडीच्या बाजूने आमच्याकडे कोणी विचारच केला नव्हता, रविवारी हाच विषय काढते. पंचवटीची ताई, तू पण ये ना गं, ज्यूडवर तूच बोल.