नोंदणी केली की सायकलचोऱ्या थांबतात म्हणे!

चाकोरीबाहेर

'शहरातल्या सायकलींची नोंदणी सक्तीची करा, चोऱ्या आपोआप बंद होतील' अशी एक पोस्ट सध्या फिरतेय. तिच्याखाली नुसत्या टाळ्या चालू आहेत, म्हणून उत्तर वेगळ्या धाग्यात.

नोंदणी म्हणजे फ्रेमवर, म्हणजे सायकलच्या सांगाड्यावर, ठोकलेला नंबर मालकाच्या नावासकट नोंदवणं. पण चोर तो नंबर बघून सायकल निवडत नाही. कुलूप किती वेळात तुटेल आणि कोणी बघतंय का, एवढंच तो बघतो. नोंदणीचं काम सुरू होतं चोरीनंतर: बेवारस सापडलेल्या सायकलीचा मालक शोधताना, नाहीतर जुनी सायकल घेणाऱ्याला खातरजमा करायची असते तेव्हा. ही दोन्ही कामं होणार नसतील तर नोंदणी म्हणजे वहीत भरलेली नावं.

सक्तीचे प्रयोग करून झालेत. टोरांटोने १९३५ मध्ये सायकल परवाना आणला आणि १९५७ मध्ये गुंडाळला. पोरं नकळत कायदा मोडत होती आणि पोलिसांचं त्यांच्याशी उगाच वाकडं येत होतं, हे त्यामागचं एक कारण. लॉस एंजेलिसने आपला परवाना २००९ मध्ये रद्द केला. आणि स्वित्झर्लंडचं उदाहरण कृपया कोणी देऊ नका. तिथलं सायकलीवरचं स्टिकर हा दुसऱ्याचं नुकसान झाल्यास भरपाईचा विमा होता. २०१२ पासून तेही गेलं.

फ्रीव्हील

वा! सोयीची तेवढी शहरं निवडलीत. जपान कुठे गेलं? तिथे १९९४ पासून नोंदणी बंधनकारक आहे, पण न केल्याबद्दल दंड नाही. तरीही होते, कारण दुकानदार सायकल विकतानाच फॉर्म भरतो, फ्रेमवर स्टिकर लावतो आणि माहिती पोलिसांकडे जाते. गिऱ्हाइकाला वेगळी खेप पडत नाही.

डेन्मार्कमध्ये १९४२ पासून फ्रेमवर नंबर असतो: उत्पादकाची खूण, अनुक्रमांक आणि वर्ष. विम्याचे पैसे मागायचे तर तो नंबर लागतोच, त्यामुळे लोक जपून ठेवतात. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून दुकानातल्या नव्या आणि १ जुलै २०२१ पासून दुकानदाराने विकलेल्या जुन्या सायकलींना खूण सक्तीची केली. १६ इंच किंवा त्याहून लहान चाकांच्या सायकली वगळल्या. म्हणजे तुमच्या टोरांटोच्या पोरांचाही प्रश्न मिटला.

सक्ती की स्वखुशी, हा वाद बिनकामाचा आहे. नोंदणी विक्रीच्या वेळीच होते की नंतर, यावर सगळं ठरतं. 'नंतर शिबिराला या' म्हटलं की संपलं.

बत्तीसदाती

विक्रीच्या वेळी करा नाहीतर मुहूर्त काढून करा, नंबर नीट वाचता आला तर ना!

बहुतेक सायकलींचा नंबर बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या भागाच्या, खाली असतो. म्हणजे सगळा चिखल जिथे बसतो तिथेच. शिवाय गिअरच्या केबलचं प्लॅस्टिक गाइड तिथेच स्क्रूने बसवलेलं असतं आणि अर्धे आकडे झाकतं. सायकल उलटी करा, ब्रशने घासा, गरज पडली तर गाइडचा स्क्रू सैल करून ते सरकवा. आकडे रंगाने बुजलेले असतील तर वर कागद धरून पेन्सिल घासा, किंवा खडू चोळून बाजूने टॉर्च मारा आणि फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला तर काहीही दिसत नाही. तिथे नसेल तर हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी), सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) खालचा भाग आणि मागच्या चाकाच्या खाचेजवळ बघा.

चुका कशा होतात? लोक मॉडेलचा नंबर उतरवतात. स्टिकरवरचा बारकोड उतरवतात. ओ आणि शून्य, आय आणि एक, बी आणि आठ, एस आणि पाच यांची अदलाबदल होते. शोधयंत्रणेने या जोड्या सारख्याच धरल्या पाहिजेत, नाहीतर चोरीची सायकल 'सापडत नाही' म्हणून निर्धास्त विकली जाते. शिवाय दोन कंपन्यांचा नंबर एकच असू शकतो, त्यामुळे नुसत्या नंबरावर शोध घेणं धोक्याचं. कंपनी, रंग, चाकाचा आकार आणि चेनच्या बाजूचा एक पूर्ण फोटो हवाच.

तिसरा ब्रेक

अवांतर, पण मूळ दुखणं हेच आहे: स्टँड! सगळीकडे पुढचं चाक अडकवायचे ते वाकड्या सळ्यांचे सांगाडे. त्यात कुलूप फक्त चाकालाच लागतं. चोर क्विक रिलीज, म्हणजे पान्ह्याशिवाय चाक सोडवणारा खटका, फिरवतो, चाक तिथेच ठेवतो आणि उरलेली सायकल नेतो. धक्का लागला की रिम वाकते ते वेगळंच.

हवा तो साधा उलटा यू. साधारण ५० मिमी बाहेरच्या व्यासाचा जाड पाइप, उंची ७५ ते ८० सेंमी, दोन पायांत ७० सेंमी, दोन स्टँडमध्ये ९० सेंमी ते १ मीटर, आणि पाय काँक्रीटमध्ये किमान २५ सेंमी गाडलेले. खाली आडवी पट्टी असेल तर लहान सायकलही लागते. नुसते बोल्ट मारलेले स्टँड पान्ह्याने निघतात. काही ठिकाणी चोरांनी पाइप आधीच कापून वर स्टिकर लावून ठेवलेला असतो, त्यामुळे कुलूप लावण्याआधी स्टँड हलवून बघायचा.

फ्रीव्हील

धागा नोंदणीचा आहे. स्टँडचा स्वतंत्र धागा काढा की.

तिसरा ब्रेक

का काढू? नोंदणीवर जेवढा खर्च करणार त्यात किती स्टँड गाडले जातील याचा हिशोब कोणी मांडणार आहे का? की डेन्मार्कचं नाव घेतलं की हिशोब माफ?

बत्तीसदाती

स्टँड चांगला असूनही वरच्या नळीला पातळ केबल गुंडाळणारेच जास्त. केबल कटरने ती काही सेकंदांत जाते. यू-लॉकमध्ये (यू आकाराच्या पोलादी कुलपात) मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही स्टँडसकट आली पाहिजेत, आतली जागा भरलेली पाहिजे म्हणजे जॅक घालून फाकवता येत नाही, आणि कुलूप जमिनीपासून उंच, नाहीतर जमिनीचा टेकू घेऊन बोल्टकटर दाबतात. पुढच्या चाकाला क्विक रिलीजऐवजी खास किल्लीचा नट.

चाकोरीबाहेर

बरं, आणि धातू कापायचा ग्राइंडर आणला की? कडक केलेल्या पोलादाचा यूसुद्धा एक-दोन मिनिटांत जातो. मग तुमचं स्टँडशास्त्र आणि कुलूपशास्त्र दोन्ही बाद.

फ्रीव्हील

अहो, तेच तर म्हणतोय! कुलूप हरतं तिथून पुढे नोंदणीच उरते. स्वतःच्याच धाग्यावर स्वतःला खोडताय.

चाकोरीबाहेर

खोडत नाहीये. ग्राइंडरवाला नंबरही घासून टाकेल, एवढंच म्हणतोय.

बत्तीसदाती

घासला तर घासलेली जागा दिसते, आणि तिथेच घेणाऱ्याने मागे फिरायचं. शिवाय ठोकलेल्या नंबराखालचा धातूही दबलेला असतो. वरून कानस मारली तरी आम्ल लावल्यावर तो भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि पोलादावर आकडे पुन्हा उमटू शकतात. खोल घासलं असेल तर मात्र नाही. लेसरने उथळ कोरलेल्या खुणेला हे लागू नाही, आणि कार्बनच्या फ्रेमवर कोरकाम करूच नका, तंतू कापले जातात. तिथे पारदर्शक थराखालची खूण किंवा काढताना तुकडे होणारं लेबल. जोडीला हँडलच्या टोकाचं बूच काढून आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फोन नंबराची चिठ्ठी. सीट ट्यूबमध्ये टाकली तर ती खाली बॉटम ब्रॅकेटपर्यंत घसरते आणि ग्रीसमध्ये बरबटते.

तिसरा ब्रेक

चिठ्ठी! चोर वाचून फोन करणार आहे वाटतं.

बत्तीसदाती

चोर नाही हो. नंबर गेलेली सायकल जप्त झाली की मालकी सिद्ध करायला.

चाकोरीबाहेर

ठीक आहे, विक्रीच्या वेळी, फुकट आणि दंडाशिवाय होणार असेल तर माझी हरकत नाही. टाळ्या वाजवू नका. सायकल हातोहात विकली जाते तेव्हा काय, हे कोणीच सांगितलेलं नाही. जुन्या मालकाचं नाव तसंच राहतं आणि प्रामाणिक घेणारा चोर ठरतो. उलट, विकून पैसे खिशात टाकायचे आणि मग 'चोरीला गेली' अशी नोंद करायची, हेही करता येतं.

फ्रीव्हील

त्यावर उपाय आहे. विकणाऱ्याने एकदाच चालणारा कोड द्यायचा, घेणाऱ्याने तो टाकला की नाव बदलतं. कोड नाही, तर पैसे नाहीत. चोरीची खूण लावायला तक्रारीचा क्रमांक सक्तीचा. आणि बाहेरच्या माणसाने नंबर टाकला तर फक्त 'चोरीची नोंद आहे' किंवा 'नाही' एवढंच दिसावं. नाव-पत्ता दिसला तर चांगली सायकल कुठल्या घरात आहे याची यादीच चोराला मिळाली.

चाकोरीबाहेर

आणि ती यादी किती जणांकडे? एकाच शहरात तीन खासगी नोंदवह्या, एकीचा दुसरीला पत्ता नाही. एकीत चोरीची, दुसरीत स्वच्छ.

फ्रीव्हील

शोध एकाच ठिकाणी हवा, हे मान्य. नोंदी कोणी का ठेवेना.

तिसरा ब्रेक

आणि ती सायकल तोवर लावणार कुठे? त्याच सळ्यांना.