नाताळच्या धावपळीत प्रभूसाठीच वेळ उरत नाही. आनंद कसा जपावा?

प्रश्न : संडे स्कूलची शिक्षिका

सर्वांना प्रभूमध्ये नमस्कार.

गेल्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री उपासनेत बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची कथा, वाचला जात होता, तेव्हा मी पडद्यामागे सहा वर्षांच्या एका मुलीच्या झग्याला देवदूताचे पंख टाचत बसले होते. तिने मान वळवून विचारले, "बाई, देवदूत आत्ता काय म्हणाला?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी नुसती मान हलवली आणि तिला पुढे पाठवले. घरी आल्यावर लक्षात आले की ते वचन मीही ऐकलेले नव्हते.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाटिकेचा सराव, सजावट, भेटवस्तू, पाहुण्यांची तयारी आणि नोकरीतील वर्षअखेरची कामे अशी रांग लागते. हे सारे प्रभूसाठीच चालले आहे, अशी मी स्वतःची समजूत घालते. परंतु त्या महिन्यात माझी प्रार्थना "हे एवढे वेळेवर होऊ दे" यापलीकडे जात नाही, आणि २६ डिसेंबरला हाती उरतो तो थकवा व घरच्यांवर निघालेली चिडचिड. माझा विश्वास डळमळलेला नाही, पण त्या विश्वासातला आनंद मला याच दिवसांत सर्वांत कमी जाणवतो, याचे फार वाईट वाटते. सेवा न सोडता यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर : निवृत्त पाळक

ताई, आपला प्रश्न मी पाळकपणाच्या काळात अनेकांकडून ऐकला आहे आणि खरे सांगायचे तर स्वतःलाही विचारला आहे, कारण डिसेंबरात सर्वांत जास्त उपदेश करणारा माणूस त्या महिन्यात सर्वांत कमी ऐकत असतो.

मंडळीच्या पूर्वजांनी नाताळच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ ठेवला. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, आणि तो काळ वाट पाहण्याचा आहे. खरा सण २५ डिसेंबरला सुरू होतो आणि पाश्चात्त्य परंपरेत ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. आपण मात्र हा क्रम उलटा करून ठेवला आहे : वाट पाहण्याच्या दिवसांत सगळा उत्सव कोंबतो आणि उत्सवाच्या दिवसांत दमून झोपतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की भेटीगाठी आणि पाहुणचार यांतले जे काही पुढे ढकलता येईल, ते निःसंकोचपणे २५ नंतरच्या बारा दिवसांत न्यावे. कोणी नावे ठेवली तर ठेवू द्यावीत. सण तेव्हाच असतो.

दुसरी गोष्ट मार्थेची. प्रभू घरी आला तेव्हा तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकत होती आणि मार्था पाहुणचाराच्या कामांत गुंतली होती, असे लूक सांगतो. तिची गोष्ट ऐकवून आपल्याकडे कष्ट करणाऱ्या बहिणींना उगीच खजील केले जाते, हे मला कधीच पटले नाही. प्रभूने तिला सेवेबद्दल दोष दिलेला नाही. लूकने तिच्यासाठी जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्यात चहूबाजूंनी ओढले जाण्याचा भाव आहे. प्रभूने बोट ठेवले ते या ओढाताणीवर. पंख टाचणे ही सेवाच आहे. मात्र एका वेळी पाच ठिकाणांहून हाका येत असतील, तर त्यांतल्या तीन हाका दुसऱ्याकडे सोपवणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवाराला आनंदाचा रविवार म्हणतात. त्याचे लॅटिन नाव फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील "आनंद करा" या आज्ञेवरून आले आहे, आणि प्रेषित पौलाने ते पत्र बंदिवासातून लिहिले. कामे उरकली, मन मोकळे झाले, मग आनंद, असा त्याचा हिशेब नव्हता. "प्रभू समीप आहे" एवढेच कारण तो पुढच्या वचनात देतो.

उत्तर : रुग्णालयातील परिचारिका

पाळकसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, परंतु कामे सोपवणे किंवा पुढे ढकलणे प्रत्येकाच्या हाती नसते. गेली कित्येक वर्षे माझी २४ डिसेंबरची रात्र पाळीवर जाते. आधी मला वाटे की माझा नाताळ बुडाला. मग एकदा औषधांची नोंद करताना मनात आले की मेंढपाळही त्या रात्री पाळीवरच होते. ते मंदिरात नव्हते, कळपाची राखण करीत होते, आणि येशूच्या जन्माची वार्ता देवदूताकडून त्यांना तिथेच मिळाली. गव्हाणीतले बालक पाहून झाल्यावर ते देवाची स्तुती करीत परत गेले, असे लूक सांगतो. परत म्हणजे त्याच मेंढरांकडे. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाच्या खाटेजवळ जाताना त्याचे नाव घेऊन मनातल्या मनात एक ओळीची प्रार्थना करते. याला वेगळा वेळ लागत नाही.

उत्तर : गायनवृंदातील एक सभासद

आमच्याकडे अनेक आठवडे सराव चालतो आणि डिसेंबर उजाडेपर्यंत शब्दांचे नुसते सूर झालेले असतात. त्यावर एक उपाय आम्हांला लागू पडला : सराव सुरू करण्यापूर्वी एकजण गीताचे शब्द चालीशिवाय, सावकाश वाचतो आणि मग सारे मिनिटभर गप्प बसतात.

घरी मी लूकचे शुभवर्तमान वाचतो. त्याचे अध्याय २४ आहेत, त्यामुळे १ डिसेंबरपासून रोज एक वाचला की तो नाताळच्या आदल्या दिवशी संपतो. यात एक गोष्ट अशी गवसली की तिने मला हलवून टाकले. २ तारखेच्या अध्यायात मरीया बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवते. २३ तारखेच्या अध्यायात अरिमथाईचा योसेफ त्याच प्रभूचे शरीर तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवतो. आणि २४ तारखेला कबर रिकामी असते. एवढे वाचून मी सायंकाळच्या उपासनेला गेलो, तेव्हा गाताना आवाज स्थिर ठेवणे मला जमेना.

उत्तर : एक वाचक

आईच्या निधनानंतरचा हा माझा पहिला नाताळ आहे, म्हणून एवढेच लिहितो. आनंद म्हणजे हसरा चेहरा, असे कृपया कोणी धरू नये. बाळ येशूला मंदिरात आणले तेव्हा तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या शिमोनाने बाळाला हातांत घेऊन देवाचा धन्यवाद केला आणि त्याच वेळी मरीयेला सांगितले की तुझ्या जिवातून तरवार जाईल. ही दोन्ही वाक्ये एकाच प्रसंगात आहेत, याचा मला फार आधार वाटतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. शेवटच्या भावाला विशेष : आपल्यासाठी आज रात्री प्रार्थना करीन.

सजावटीचे काम मी आज दोन तरुणांकडे सोपवले आणि पाहुण्यांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात या, असे कळवले. लूकचे वाचनही उद्यापासून सुरू करते. पंख मात्र यंदाही मीच टाचणार आहे. ती मुलगी आता सात वर्षांची झाली आहे आणि तिने पुन्हा देवदूतच मागून घेतला आहे. टाचण्या या वेळी डबीत ठेवीन. तिने विचारले, तर "भिऊ नका" हे सांगायला तोंड मोकळे हवे.