ऑनलाइन एपी लिटरेचर: प्रत्येक निबंधाला ६ पैकी २-३, काय करावं? (मदत हवी आहे)

मृण्मयी_७७
लेकीने यंदा एपी लिटरेचर (इथल्या अमेरिकन हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा इंग्रजी साहित्याचा कोर्स, शेवटी मे महिन्यात परीक्षा) ऑनलाइन घेतलंय आणि ऑगस्टपासून प्रत्येक निबंधाला ६ पैकी २ नाहीतर ३. पाच निबंध झाले, पाचही तसेच. टीचरची कॉमेंट एका ओळीची, "ही समरी आहे, अ‍ॅनालिसिस नाही", बस. मग अ‍ॅनालिसिस म्हणजे नेमकं काय लिहायचं ते कोणी सांगत नाही, मेल केली की चार दिवसांनी तेच वाक्य फिरून येतं. काल रात्री एक वाजता लॅपटॉप मिटून रडत बसली होती. लहानपणापासून जेवतानासुद्धा पुस्तक न सोडणारी मुलगी आहे हो, आणि आता म्हणते मला वाचताच येत नाही. मी मराठी मीडियमची, पुढे इंजिनिअरिंग, नवराही तसाच, आम्हाला यातलं काही सांगता येत नाही. ड्रॉप करायची शेवटची तारीख पुढचा शुक्रवार. ड्रॉप करावं की ट्यूटर लावावा? लवकर सांगा प्लीज.

विश्वास_पा
ड्रॉप अजिबात नको. आमच्या मुलाने अकरावीत एपी इंग्लिश केलं, ५ पैकी ५ आला. एक चांगलं प्रेप बुक घ्या, रोज एक अग्रलेख वाचायला लावा आणि लेखक वाचकाला पटवतो कसा ते लिहायला सांगा. सिंथेसिसच्या, म्हणजे दिलेले सोर्स वापरून आपलं मत मांडायच्या निबंधाला सगळे सोर्स वापरायला जाऊ नये, तीन पुरतात. ट्यूटरची काही गरज नाही.

अनुपमा_दे
विश्वासजी, तुम्ही सांगताय ते एपी लँग्वेजचं, तो वेगळा कोर्स, त्यात बहुतेक नॉनफिक्शन आणि युक्तिवाद असतो. लिटरेचरच्या परीक्षेत सिंथेसिस नसतोच. तीन निबंध असतात, एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर आणि एक स्वतः निवडलेल्या कादंबरी किंवा नाटकावर.
मृण्मयी, थोडं नीट सांगा ना. कितवीत आहे? लाइव्ह क्लास असतो का रेकॉर्डेड? आणि ६ पैकी कुठले मार्क जातात? थीसिसला (मुख्य दावा) १, पुरावा आणि विवेचनाला ४, सॉफिस्टिकेशनला (विचाराची खोली) १ अशी विभागणी असते. नुसतं "२-३" म्हटलं तर काही कळत नाही.

मृण्मयी_७७
बारावीत आहे, मला वाटलं लिहिलंय. शाळेत हा क्लास आहे पण फिजिक्सच्याच तासाला येतो म्हणून ऑनलाइन घेतला. लाइव्ह काही नाही, व्हिडिओ बघायचे आणि निबंध अपलोड करायचे. थीसिसचा १ दर वेळी मिळतो. त्या ४ मधले १ किंवा २. सॉफिस्टिकेशन ०.

तळ्यातमळ्यात
थीसिसचा मार्क दर वेळी मिळतोय म्हणजे मुलीला समजतंय, हे आधी तिला सांगा. आणि कविता मोठ्याने वाचायला लावा, तीन वेळा, पेन खाली ठेवून. माझ्या दोन्ही मुलींना मी एवढंच केलं. डोळे ओळींवरून घसरून जातात, पण मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळते तिथेच कवीने काहीतरी केलेलं असतं.

विश्वास_पा
तीन तासांच्या परीक्षेत मोठ्याने कोण वाचू देणार? तिथे ५५ एमसीक्यू एका तासात आणि मग दोन तासांत तीन निबंध. घड्याळ लावून सराव केला पाहिजे.

तळ्यातमळ्यात
घरच्या सरावाबद्दल बोलतेय मी. घड्याळ नंतर लावा. मुलगी रात्री एकला रडतेय आणि तुम्ही घड्याळ लावा म्हणताय.

कोरा_कागद
मी हायस्कूलला इंग्लिश शिकवतो, एपी लिटरेचर बरीच वर्षं शिकवलंय. असं अंदाजाने सांगून उपयोग नाही. तिच्या निबंधातली दोन वाक्यं इथे टाका, जशीच्या तशी, मराठीत करून टाकलीत तरी चालेल. कुठल्या कवितेवर आहे तेही सांगा थोडक्यात.

मृण्मयी_७७
सरावाची कविता होती. वादळ येणार म्हणून एक म्हातारा घरातल्या खिडक्या बंद करत फिरतो, बायको वारलेली आहे, शेवटी तिच्या खोलीतली खिडकी तो उघडीच ठेवतो. लेकीने लिहिलंय: "कवी इमेजरी आणि रिपिटेशन वापरून म्हाताऱ्याचं एकटेपण दाखवतो. तो सगळ्या खिडक्या बंद करतो पण एक उघडी ठेवतो, यावरून तो दुःखी आहे हे कळतं." मला तर यात काही चूक दिसत नाही.

कोरा_कागद
चूक नाहीये, पण ती फार लवकर थांबली. बायको गेलेला माणूस दुःखी आहे हे कविता न वाचताही कोणी सांगेल. तिला एकच विचारा, बाकीच्या खिडक्या बंद करताना कवीने कुठली क्रियापदं वापरलीत आणि त्या शेवटच्या खिडकीपाशी कुठलं? उत्तर इथे लिहा.

श्रीधर_मो
मृण्मयी, तुम्ही उगाच घाबरताय. आपण बारावीला रसग्रहण केलंय की! आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य. हे तेच आहे, फक्त इंग्रजीत. तुम्ही तिला मराठीतून समजावू शकता.

कोरा_कागद
श्रीधर, इथेच मुलं फसतात. रसग्रहणात आपण कविता कशी सुंदर आहे ते सांगत जातो, इथे कौतुकाला मार्क नाहीत. कवितेबद्दल एक मत मांडायचं, ज्याच्याशी दुसरा वाचक वाद घालू शकेल असं, आणि प्रत्येक पुरावा त्या मताला बांधायचा.

श्रीधर_मो
तुम्ही गाइडमधलं पाठ केलेलं रसग्रहण बघितलंय. आमचे सर फळ्यावर एकच ओळ लिहायचे आणि विचारायचे, हाच शब्द का, दुसरा का नाही? तास संपायचा पण ओळ संपायची नाही. तुम्ही आत्ता क्रियापदं विचारलीत ते दुसरं काय आहे?

कोरा_कागद
ते मात्र खरं. असे सर मिळाले असतील तर तुमचं म्हणणं मान्य. पण दावा मांडायची सवय वेगळी लावावी लागते एवढंच म्हणतोय.

पाऊसवेडी
किती छान चर्चा! मी रविवारी इथल्या मुलांना मराठी शिकवते, त्यांना कविता अजिबात आवडत नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी सोप्या मराठी कविता कोणी सुचवेल का?

मृण्मयी_७७
पाऊसवेडी, प्लीज वेगळा धागा काढाल का, मला शुक्रवारच्या आत ठरवायचंय.
कोरा_कागद, विचारलं. पहिल्या चार खिडक्यांना ढकलतो, ठोकतो, अडकवतो, दाबून धरतो अशी क्रियापदं आहेत म्हणाली. शेवटच्या खिडकीला फक्त "थांबतो". हे सांगता सांगता ती स्वतःच गप्प झाली आणि मग म्हणाली, "आई, तो वादळाशी भांडत होता आणि तिथे भांडायचं सोडलं त्याने."

कोरा_कागद
हेच! हेच लिहायचंय तिने. चार वेळा हाताचा जोर, आणि पाचव्या वेळी हात थांबतो. मग पुढचा प्रश्न, ज्या वादळापासून तो घर वाचवतोय त्यालाच तिच्या खोलीत का येऊ देतोय? घर वाचवायचंय आणि तिथे काहीच वाचवायचं उरलं नाही, अशा दोन्ही गोष्टी त्याच्यात एकदम आहेत. परीक्षेच्या प्रश्नात "कॉम्प्लेक्स" हा शब्द खूपदा असतो तो यासाठीच, एकाच भावनेचं नाव लिहून थांबू नका म्हणून. "इमेजरी वापरून" हे शब्द तिने महिनाभर लिहूच नयेत. क्रियापदावर बोट ठेवावं आणि मग त्याने काय होतं ते दोन-तीन वाक्यांत.
आणि एपी परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डच्या साइटवर मागच्या वर्षांचे प्रश्न आणि खऱ्या मुलांचे निबंध मार्कांसकट फुकट आहेत. मार्क झाकून वाचायचे, आपण किती दिले असते ते ठरवायचं, मग उघडून बघायचं. ट्यूटरच्या आधी हे करा.

स्नेहल_अ
मध्येच विचारते, परीक्षेचं रजिस्ट्रेशन झालंय ना? ऑनलाइनवाल्यांचं हे राहून जातं.

मृण्मयी_७७
कोर्समध्येच असेल ना ते? सुरुवातीला जॉइन कोड दिला होता, तो टाकून एपी क्लासरूम (कॉलेज बोर्डची कोर्ससाठीची साइट) चालू झालंय.

स्नेहल_अ
नाही नाही, तो कोड कोर्सचा. परीक्षा जिथे प्रत्यक्ष देणार त्या शाळेने ती ऑर्डर करावी लागते. तुमच्या शाळेतल्या एपी कोऑर्डिनेटरला (एपी परीक्षांचं काम बघणारी व्यक्ती) आजच मेल करा, म्हणावं ऑनलाइन कोर्स आहे, "एक्झाम ओन्ली" (फक्त परीक्षा देणाऱ्यांच्या) सेक्शनचा जॉइन कोड द्या. कॉलेज बोर्डची मुदत नोव्हेंबरच्या मध्याला संपते, पण शाळा स्वतःची तारीख आधी ठेवतात. उशीर झाला तर ४० डॉलर लेट फी वर. आमच्या ओळखीतल्या मुलाने वर्षभर कोर्स केला आणि मे महिन्यात परीक्षेला यादीत नावच नाही, कोर्सवाले म्हणाले ते आमचं काम नाही. परीक्षा आता सगळी कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक अ‍ॅपवर असते, २०२५ पासून, म्हणजे निबंधही टाइप करायचे. तो सरावही करून घ्या.

अनुपमा_दे
आणि ड्रॉपच्या बाबतीत, मुलगी बारावीत आहे म्हणजे कॉलेजचे अर्ज चालू असणार. अर्जात यंदाचे कोर्सेस लिहिताना हा लिहिलाय का? पाठवून झाला असेल आणि नंतर ड्रॉप केलात तर त्या कॉलेजांना कळवावं लागतं. कौन्सेलरशी बोलल्याशिवाय शुक्रवारचा निर्णय घेऊ नका. शिवाय टीचर ६ पैकी ३ चे सरळ ५० टक्के धरतात का तेही विचारा. काही जण रुब्रिकच्या (त्या १-४-१ विभागणीच्या) मार्कांना वेगळी टक्केवारी देतात, कारण परीक्षेत ६ पैकी ३ म्हणजे नापास नव्हे.

विश्वास_पा
एपी कोऑर्डिनेटरचं बरोबर आहे. आमच्याकडे शाळेतच कोर्स होता त्यामुळे हे डोक्यात आलं नाही.

मृण्मयी_७७
आत्ता शाळेत जाऊन आले. कोऑर्डिनेटर म्हणाल्या त्यांची आतली मुदत याच सोमवारी संपतेय, कोणी विचारलं नसतं तर राहिलंच असतं. कोड मिळाला, लेकीने समोर बसून टाकला. स्नेहल, तुमचे किती आभार मानू.
कौन्सेलर म्हणाल्या एक अर्ज गेलाय आणि त्यात हा कोर्स आहे. लेकीला विचारलं तर म्हणाली ड्रॉप नाही करायचं, पुढचा निबंध बघू. ग्रेडचं टीचरला विचारलंय, अजून उत्तर नाही.
काल रात्री तिने तो खिडकीवाला परिच्छेद परत लिहिला, "दुःखी" शब्द कुठेच नाही त्यात. मला वाचून दाखवला आणि मधे थांबून मलाच विचारलं, आई, खिडकी उघडी ठेवली तेव्हा पाऊस आत आला असेल का गं, कवीने ते लिहिलंच नाहीये. अर्धा तास आम्ही त्यावरच बोलत होतो, मराठीत. कोरा_कागद, जे लिहिलेलंच नाही त्याबद्दल निबंधात लिहिता येतं का?

कोरा_कागद
येतं. कविता नेमकी कुठल्या ओळीवर थांबते ते दाखवून लिहायचं. पाऊस आला की नाही हे ठरवायला जाऊ नये, कवीने दार तिथेच का लावलं ते लिहावं. पुढचा निबंध अपलोड करायच्या आधी तिला हवं असेल तर एक परिच्छेद इथे टाका.