शस्त्रक्रिया ही चैन नव्हे
परदेशी मदतीचा सरकारी पैसा आधी लसी आणि मच्छरदाण्यांवर खर्च व्हावा, शस्त्रक्रियेचे नंतर पाहू, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया जगातील सुमारे ५०० कोटी लोकांच्या आवाक्याबाहेर आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्येच मांडले होते.

अडलेल्या बाळंतिणीचे उदाहरण घ्या. वेळेत सिझेरियन झाले नाही, तर बाळाच्या डोक्याचा दाब दोन-तीन दिवस पडून आतील पेशी मरतात, मूत्राशयाला भोक पडते आणि त्या बाईची लघवी अखंड झिरपत राहते. अनेकींना नवरा टाकून देतो. हे सारे तासाभराच्या शस्त्रक्रियेने टळू शकते.

आफ्रिकेतील मलावी या देशाच्या जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन डॉक्टर नव्हे, तर खास प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर करतात, म्हणजे मनुष्यबळाची अडचण सुटण्यासारखी आहे. मात्र ऑक्सिजन, रक्तपेढी, निर्जंतुकीकरण आणि न जाणारी वीज यांची तजवीज चार दिवसांच्या धर्मादाय शिबिरातून होत नाही (त्या शिबिरांविषयी मला आदरच आहे). तिथे वर्षानुवर्षे टिकणारा सरकारी निधीच लागतो. मलावीशेजारच्या झांबियाने २०१७ मध्ये राष्ट्रीय शस्त्रक्रिया आराखडा तयार केला. अशा आराखड्यांना श्रीमंत देशांच्या सरकारांनी थेट पैसा द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.