घाटात मजा कशात जास्त: मॅन्युअल की पॅडल शिफ्ट?

निनाद_चिंचवड

नमस्कार मंडळी. एकाच मुद्द्यावर घोडं अडलंय, म्हणून धागा काढतोय.

फोक्सवॅगन व्हर्टस १.५ घ्यायचं नक्की झालंय. ही गाडी दोन्हीत मिळते: सहा गिअरची मॅन्युअल आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक, जिच्यात हाताने गिअर बदलायला स्टिअरिंगच्या मागे पॅडल आहेत. इंजिन तेच, १५० पीएसचं. किमतीत लाखाच्या वर फरक आहे, पण तो माझा प्रश्न नाही. आजवर डिझेल स्विफ्टच चालवली, मॅन्युअल. रोज चिंचवड ते हिंजवडी, आणि संध्याकाळी वाकडला काय होतं ते इथल्या पुणेकरांना सांगायला नको. गाडी बायकोही चालवणार आणि तिला ऑटोमॅटिक हवी आहे.

पण पाऊस ओसरला की मी ताम्हिणी, वरंध, आंबेनळी असा कुठला तरी घाट गाठतो. अंधारात निघायचं, घाट उतरायचा, कोकणाच्या बाजूला चहा घ्यायचा आणि परत चढायचं. कुठे पोचायचं नसतं, गाडी चालवायची असते.

शोरूमवाल्यांनी डीएसजी रावेतच्या सरळ रस्त्यावर चालवायला दिली. पॅडल ओढलं की गिअर बदलतो, झटक्यात, आवडलंही. पण वर्षभराने त्यात मजा उरेल का? तो मुलगा म्हणाला, "पॅडल आहेत ना सर, मॅन्युअलच समजा." हे कितपत खरं आहे? ज्यांनी दोन्ही प्रकार घाटात चालवलेत त्यांनी सांगा. मायलेज आणि रीसेल बाजूला ठेवू, फक्त चालवण्याबद्दल बोला.

कुंभार्ली_घाट

मॅन्युअल. माझी आय२० एन लाइन आहे. २०२१ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात आयएमटी होता: गिअरचा दांडा आहे, पण क्लचचं पेडल नाही. चालवून पाहिली आणि थांबलो. २०२३ मध्ये ह्युंदाईने तिला पुरता सहा गिअरचा मॅन्युअल दिला, तेव्हाच बुक केली. दांडा हातात असूनही डाव्या पायाला काम नसेल तर काय जातं, ते त्या आयएमटीमुळे मला नीट कळलं. जमलं तर एखादी जुनी आयएमटी चालवून बघा, तुमचा प्रश्न अर्धा तिथेच सुटेल.

वाईकर

निनाद, शोरूमवाल्याचं म्हणणं खरं नाही. आणि पॅडलला सरसकट खेळणं म्हणतात तेही मला पटत नाही. दोन्ही प्रकार रोजच्या हातातले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं घर वाईला, दुकान पाचगणीला. पसरणी घाट सकाळी चढायचा, रात्री उतरायचा. माझी होंडा सिटी व्हीटेक, २००२ ची, पाच गिअरची. धाकट्या भावाची व्हर्टस डीएसजी. पावसाळ्यात धुकं उतरलं की त्याची नेतो, कारण तिचे दिवे चांगले आहेत. म्हणजे रस्ता तोच, वळणं तीच, गाड्या दोन.

उतरतानाचं बघा. तिसऱ्यात आहात आणि समोर पार उलटं फिरणारं वळण आलं. सिटीत उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, डावा पाय क्लचवर, हात दांड्यावर. ब्रेकचा दाब कमी न करता त्याच पायाची कड अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून किंचित रेस द्यायची, दांडा दुसऱ्यात, क्लच सोडायचा. रेस बरोबर जुळली तर गाडीला गिअर बदलल्याचं कळतही नाही. फक्त इंजिनचा आवाज वर चढतो आणि गाडी वेग धरून राहते. रेस कमी पडली तर नाक खाली जातं आणि मागच्या सीटवरची पिशवी पुढे येते. जास्त झाली तर गाडी वळणात ढकलली जाते. हे सगळं एका सेकंदात, वळण सुरू व्हायच्या आत. इतकी वर्षं झाली तरी प्रत्येक वळणाला ते जुळतंच असं नाही. ज्या रात्री वाईपर्यंत सगळी वळणं जुळतात, त्या रात्री दारात आल्यावरही इंजिन बंद करावंसं वाटत नाही.

डीएसजीत तेच वळण म्हणजे डावं पॅडल ओढायचं, बस. आत दोन क्लच आहेत, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तुम्ही तिसऱ्यात वेग कमी करत असता तेव्हा दुसरा आधीच लावून तयार असतो. रेस गाडी स्वतः देते आणि दर वेळी अचूक देते, मग चालवणारा कुणीही असो. माझ्याकडे उरतं ते कधी ओढायचं एवढंच ठरवणं. पण तेही कमी लेखू नका. दोन्ही हात स्टिअरिंगवर, सगळं लक्ष रस्त्यावर. धुक्यात वळणावर समोरून एसटी आली की मला तेच हवं असतं.

दोन गोष्टी रावेतच्या सरळ रस्त्यावर कळणार नाहीत. पॅडल स्टिअरिंगच्या चाकाला बसवलेली आहेत, ती चाकाबरोबर फिरतात. चाक अर्धा फेरा फिरवलं की उजवं पॅडल डावीकडे गेलेलं असतं आणि बोटं चाचपडतात. त्यामुळे गिअर वळणाच्या आधीच उरकायचा, मॅन्युअलमध्ये उरकतो तसाच. (फेरारीची पॅडल चाकाला नाही, मागे स्टिअरिंग कॉलमला पक्की असतात. ती जागची हलत नाहीत.) दुसरं म्हणजे इंजिन लाल रेषेला भिडलं की गाडी तुम्हाला न विचारता वरचा गिअर घेते. नुसत्या डी (साध्या ऑटोमॅटिक) मध्ये तर ती पेट्रोल वाचवायच्या मागे असते. वेग जरा कमी असला तरी वरचा गिअर धरून बसते आणि उतारावर गाडी सुटल्यासारखी वाटते. उतरताना एस (स्पोर्ट) मध्ये टाका किंवा पॅडलने दुसरा-तिसरा धरा. नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाट संपेस्तोवर ब्रेक तापलेले असतात.

आता खरा मुद्दा, जो या वादात कुणी काढत नाही: इंजिन. सिटीचं व्हीटेक १०६ बीएचपीचं, पण ती सगळी ताकद साडेसहा हजार आरपीएमच्या वर. खाली इंजिन रिकामं. वळणातून चुकीच्या गिअरमध्ये बाहेर पडलात तर पुढचा चढ रखडत चढायचा. तिथे योग्य गिअर निवडणं म्हणजेच गाडी चालवणं. व्हर्टसचं टर्बो १६०० पासून ३५०० आरपीएमपर्यंत सलग २५० न्यूटन मीटर देतं. तिसरा टाकला की पसरणी बहुतेक तिसऱ्यातच चढून होते. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाची मॅन्युअल व्हर्टस मी इथेच चालवून पाहिली आहे. क्लच हलका, दांडा नेमका बसतो, तक्रार कसलीच नाही. पण चढताना त्या दांड्याला हात लावायची वेळच फारशी येत नाही. इंजिनच मागत नाही. म्हणजे या गाडीत मॅन्युअलचा आनंद चढताना मिळत नाही. तो उतरताना मिळतो, आणि तिथे भरपूर मिळतो.

पॅडल आलीच मुळात वेळ वाचवण्यासाठी. १९८९ मध्ये फेरारीने जॉन बर्नार्डची ६४० ही फॉर्म्युला वन गाडी ब्राझीलला उतरवली, स्टिअरिंगमागे पॅडल असलेली, आणि नायजेल मॅन्सेलने तिची पहिलीच शर्यत जिंकली. १९९७ ला एफ३५५ मधून तीच कल्पना रस्त्यावरच्या फेरारीत आली आणि २००३ ला गोल्फ आर३२ मधून डीएसजी. शर्यतीत सेकंदाच्या दहाव्या भागासाठी माणसं झगडतात. पसरणीत घड्याळ लावायचं काही कारण नाही आणि लावूही नये, रस्ता सगळ्यांचा आहे. मग पॅडलने वाचवलेला वेळ आपल्याला घाटात कशाला हवा? आपल्याला ती क्रिया हवी असते.

म्हणून तुम्हाला उलट प्रश्न: घाट तुम्हाला चढताना जास्त आवडतो की उतरताना?

मीनल_स्टुटगार्ट

वाईकरदादा, इंजिनाचा मुद्दा शंभर टक्के पटला. मी इकडे मॅन्युअल गोल्फ चालवते. सुट्टीच्या दिवशी ब्लॅक फॉरेस्टमध्ये बी५०० वर जाते, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे. तिथेही चढताना गिअर बदलायला निमित्त शोधावं लागतं.

ही गाडी बनवणाऱ्यांच्या देशातही मॅन्युअल मागे पडतेय. इथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवान्यावर ७८ हा आकडा येतो आणि मॅन्युअल चालवता येत नाही. त्या भीतीने पूर्वी बहुतेक जण मॅन्युअलच शिकायचे. १ एप्रिल २०२१ पासून बी१९७ ही सोय आली: मॅन्युअलवर ४५ मिनिटांचे किमान १० धडे आणि १५ मिनिटांची चाचणी दिली, की परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही चालवता येतात. सोय चांगली आहे, पण दहा धड्यांत क्लच पायात मुरत नाही.

दुसरीकडे पोर्शचं बघा, कारखाना इथे शेजारीच त्सुफेनहाउझेनला आहे. दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्स त्यांनी १९८० च्या दशकातच ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांत वापरला होता. २०१३ ची ९११ जीटी३ त्यांनी फक्त पीडीकेवर काढली. चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये ९११ आर आली, फक्त मॅन्युअल, फक्त ९९१ गाड्या. आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आली. त्यानंतरच्या जीटी३ ला ० ते १०० साठी पीडीकेवर ३.४ सेकंद लागतात, मॅन्युअलवर ३.९. अर्धा सेकंद हळू आहे हे माहीत असूनही लोक ती मागून घेतात. यावरून मला तरी एवढं दिसतं, की वेग आणि आनंद या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि कंपनीलाही ते मान्य करावं लागलं.

निनाद, एक मात्र मनापासून सांगते. बायकोचं मत तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती गाडी रोज चालवणार असेल तर हिंजवडीच्या रांगेत तिचाही डावा पाय आहे. घाट महिन्यातून एखादा, रांग रोजची. तिला घाटात गाडी द्या आणि मग दोघांनी मिळून ठरवा.

निनाद_चिंचवड

सगळ्यांचे आभार. मीनलताई, बरोबर आहे तुमचं. धागा बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली, दोन्ही चालवून बघते, आधीच हट्ट धरत नाही.

वाईकरकाका, उत्तर लगेच मिळालं: उतरताना. वरंध भोरकडून महाडकडे उतरताना जे वाटतं ते परत चढताना वाटत नाही. पण टाच-चवडा एकत्र वापरायची सवय नाही, स्विफ्टला मी आधी ब्रेक लावतो आणि मग गिअर खाली घेतो. टेस्ट ड्राइव्ह परत मागितली आहे, या वेळी दोन्ही गाड्यांची. नेमकं काय बघू?

वाईकर

जुन्या कात्रज घाटात न्या. बोगद्यापर्यंत चढा, तिथे गाडी वळवा आणि कात्रजकडे उतरा. चढण बघायला दोन मिनिटं पुरे, वेळ उतारावर घालवा.

मॅन्युअलमध्ये आधी बसल्या जागी, इंजिन बंद ठेवून, ब्रेक अर्धा दाबा आणि त्याच पायाची कड अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचते का बघा. ब्रेक दाबल्यावर दोन्ही पेडल साधारण एका पातळीला यायला हवीत. तुमच्या पायाला ते जमत नसेल तर उतरतानाचा निम्मा आनंद तिथेच कमी झाला. नंतर रस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्या, पण पहिल्यांदा सरळ उतारावर, मागे कुणी नसताना. टाच-चवडा लगेच जमणार नाही आणि त्यासाठी घाईही करू नका. ब्रेक सोडून, रेस देऊन, गिअर घेऊन क्लच सोडणं हेही चालतं. जुन्या ट्रकवाल्यांना सिंक्रो (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रिंग) नसलेल्या गिअरबॉक्सवर डबल क्लच करावा लागायचा, म्हणजे एका बदलात दोनदा क्लच दाबायचा, तुम्हाला तेवढं करायचं नाही.

डीएसजीत तोच उतार आधी डी मध्ये उतरा, पाय काढून, आणि गाडी कुठला गिअर धरते ते डॅशबोर्डवर बघा. मग पॅडलने दुसरा धरून तेच वळण घ्या. चाक पाव फेरा फिरवलेलं असताना बोटं पॅडलपर्यंत सहज जातात का, तेही बघा. बायकोचा हात लहान असेल तर तिला वेगळं जाणवेल.

या डीएसजीचे क्लच ड्राय आहेत, तेलात बुडालेले नाहीत. वाकडच्या रांगेत किंवा शनिवारी सकाळी खंबाटकी चढताना गाडी ब्रेक अर्धवट सोडून इंचाइंचाने सरकवत राहू नका, त्याने क्लच तापतो. पुढच्या गाडीत आणि आपल्यात थोडी जागा होऊ द्या, मग एकदम पुढे घ्या. हे तुमच्या दोघांच्या सवयीत बसत नसेल, तर रोजच्या रस्त्यासाठी डीएसजीचा विचार पुन्हा करा.

माझं मत विचाराल तर, उतरण आवडणाऱ्याने मॅन्युअल घ्यावी, आणि व्हर्टसचा क्लच इतका हलका आहे की हिंजवडीतही तो जड जाणार नाही. पण हे बायकोने तो क्लच अर्धा तास रांगेत दाबून पाहिल्यावर. म्हणून टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळची मागा, घाटातून परत येताना कात्रज चौकाची गर्दी आपोआप मिळेल. त्या गर्दीत गाडी तिच्या हातात द्या. आणि दोघांनीही बूट पातळ तळव्याचे घाला.