एला फिट्झजेराल्ड: सुरुवात कुठून करू?

रानजाई
गेली 15 वर्षं खयाल-ठुमरी ऐकतेय, जॅझकडे कधी वळले नव्हते. मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचं 'मिस्टी' लागलं होतं, साथीला नुसता पियानो. आम्ही भाजी निवडत होतो, दोघींचेही हात थांबले. घरी येऊन तिचं 1959 चं गर्शविन साँगबुक, म्हणजे संगीतकार जॉर्ज गर्शविनच्या गाण्यांचा संग्रह, लावलं. त्यात 53 गाणी! दहा-बारा झाल्यावर सगळी एकसारखी वाटायला लागली. आवाज तर तोच आहे, मग माझं ऐकण्यात काय चुकतंय? आणि 'स्टँडर्ड' म्हणजे नेमकं काय?

पाणकणीस
चुकत काही नाही. साँगबुक सलग ऐकू नका. 1956 ते 1964 या काळात निर्माता नॉर्मन ग्रान्झने कोल पोर्टर, ड्यूक एलिंग्टन, अर्विंग बर्लिन अशा एकेका संगीतकाराची गाणी एलाकडून गाऊन घेतली. हवं ते गाणं काढून ऐकावं, असा तो साठा आहे.

तुम्ही खयाल ऐकता, म्हणून बंदिशीवरून सांगतो. स्टँडर्ड म्हणजे बहुतेकदा 1920 ते 1950 च्या दरम्यान ब्रॉडवेच्या नाटकांसाठी किंवा सिनेमांसाठी रचलेलं गाणं. नाटक विस्मरणात गेलं, गाणं गायक-वादकांच्या हाती राहिलं. 'समवन टू वॉच ओव्हर मी' 1926 च्या 'ओह, के!' मधलं. 32 बार (मात्रांचे छोटे, सारखे गट), आठ-आठचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे. तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. तो संपून मूळ चाल येते तेव्हा अंतऱ्यावरून मुखड्यावर परतल्यासारखं वाटतं. मात्र इथे कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची, मालिकाही फिरत असते, त्यामुळे मागचा पियानो कान देऊन ऐका.

आधी 1950 चं 'एला सिंग्ज गर्शविन' घ्या. आठच गाणी, साथीला एकटा एलिस लार्किन्स. ओळ संपली की तो हलकेच दोन-चार सूर ठेवतो आणि बाजूला होतो. 'समवन' आधी इथे ऐका, मग तेच 1959 च्या साँगबुकात, नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदासह. तिथे ती मोकळी जागा व्हायोलिनं भरून टाकतात. मला लार्किन्सच जास्त भावतो.

सुरंगी_मडगाव
पण ताई, तिला शांत गाण्यांतच ठेवू नका हं. 'एला इन बर्लिन' ऐकाच, 1960 ची मैफल. 'मॅक द नाइफ' गाताना ती शब्द विसरते, पण थांबत नाही. विसरले हेच त्याच चालीत गाते, हे गाणं आधी गाजवलेल्या बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँगची नावं त्यात गुंफते आणि आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाजही काढते. त्याच मैफलीत 'हाउ हाय द मून' आहे. त्यातला स्कॅट, म्हणजे अर्थहीन अक्षरांवरचं गाणं, तराणा ऐकणाऱ्याला परका वाटणार नाही, फक्त अक्षरं जागच्या जागी सुचलेली आणि फेक ट्रम्पेट-सॅक्सोफोनची.

माझे आजोबा मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. यातली कितीतरी गाणी त्यांच्या वहीत हाताने उतरवलेली आहेत, कॉर्डसकट.

चाफेकळी
आणखी एक करून बघा: एकच गाणं तीन गळ्यांतून. 'एम्ब्रेसेबल यू' घ्या. बिली हॉलिडेचं 1944 चं, सारा वॉनचं 1954 चं, एलाचं 1959 चं. बिली शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते. सारा एकेक स्वर लांबवत खाली मंद्रात उतरते. तिच्या त्या अल्बममध्ये क्लिफर्ड ब्राउनचा ट्रम्पेट आहे, पण या गाण्यात तो वाजत नाही, फक्त पियानो, बास आणि ड्रम्स. एला मात्र शब्द न् शब्द स्वच्छ देते, चाल आहे तशी उभी करते. मूळ गाणं कसं आहे ते मला नेहमी एलाकडूनच कळतं, म्हणून मी आधी तिला ऐकते आणि मग इतरांकडे जाते.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दिवे मालवून लार्किन्सबरोबरचं 'समवन' चार वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी ब्रिज कुठे सुरू होतो ते आपसूक कळलं, आणि चौथ्या वेळी मी त्याची वाट बघत होते. आज रिडलचं लावणार आहे. सुरंगी, आजोबांच्या वहीत हे गाणं आहे का?

सुरंगी_मडगाव
आहे. ई फ्लॅट पट्टीत. ब्रिजखाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्यात.