मदत हवी आहे: छाती आवळते तेव्हा सजगतेचा सराव कसा करावा?

नमस्कार. आमचा विभाग पुण्यातून हलणार हे जवळपास नक्की आहे. कुठे आणि कधी, ते कुणीच सांगत नाही. मुलीची दहावी आणि सासूबाईंचं डायलिसिस इथेच, त्यामुळे मनात सतत तेच घोळतं.

इगतपुरीला धम्मगिरीत १० दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय. तिथे सांगतात तशी सकाळ-संध्याकाळ तासभर बैठक सध्या जमत नाही, पण पहाटे २० मिनिटं आनापान (येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष देणं) होतं आणि मन श्वासावर टिकतं. अडचण दुपारची आहे. ऑफिसात नवी अफवा आली की छाती आवळते. श्वासाकडे लक्ष दिलं तर ते आवळणं वाढतंच. तळपायांवर लक्ष नेलं की बरं वाटतं, पण मग मी भीती टाळतेय का, अशी शंका येते.

डॉक्टरांना दाखवलंय, ईसीजी ठीक आहे. पुन्हा शिबिराला जाणं आत्ता शक्य नाही, अ‍ॅपही नको.

नियमित सराव करणाऱ्यांना विचारायचंय: अशा वेळी छातीतल्या संवेदनेसोबत थांबायचं, की लक्ष तळपायांवर नेलेलं चालतं? आणि ‘हेही अनित्य’ म्हणून नुसतं बघणं आणि नव्या गावातल्या शाळेची, डायलिसिस सेंटरची चौकशी करणं, यांची सांगड तुम्ही कशी घालता?